क्लासला न जाता जपानी: कोणकोणत्या वाटा आहेत?

शिफ्टवाला
नमस्कार मंडळी. चाकणला जपानी कोलॅबोरेशनच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, राहायला राजगुरुनगरला. अधूनमधून जपानहून इंजिनिअर येतात. दुभाषी ताई एकच, आणि त्या कायम साहेबांच्या मीटिंगमध्ये. मशीनपाशी आम्ही आणि ते खाणाखुणा करत उभे.

शनिवार-रविवारच्या एका बॅचला नाव घातलं होतं. फिरती शिफ्ट असल्यामुळे दांड्या पडायच्या आणि बुडालेलं परत शिकवायला कोणी तयार नाही. फी गेली ती गेली. घुबडवालं अ‍ॅपही (ड्युओलिंगो) करून झालं. त्याच्या कृपेने मला सफरचंद खाता येतं, पण बेअरिंग गेलंय हे सांगता येत नाही.

जपानीच्या दोन अक्षरलिप्यांपैकी हिरागाना येतं, काताकाना अडखळत. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता वेळ मिळतो, घरी झोपण्याआधी थोडा. पुस्तकं सगळी इंग्रजीतून. ती वाचताना आधी इंग्रजीचं मराठी करायचं आणि मग जपानी, यातच दम जातो. क्लास सोडून दुसऱ्या कुठल्या पद्धतीने कोणी शिकलंय का? जपानी नसली तरी चालेल, पद्धत सांगा.

सदाशिव_पेठी
रानडे इन्स्टिट्यूटमध्ये क्लास लावा. विषय संपला.

शिफ्टवाला
दादा, नाइट करून राजगुरुनगरहून फर्ग्युसन रोडला? विषय नाही, मी संपेन.

हामामात्सुची_वैनी
शिफ्टवाला भाऊ, पहिलं काम म्हणजे मधलं इंग्रजी काढून टाका. जपानी मराठीतून शिकायची. मी इथे जपानमध्ये आल्यावर तशीच शिकले आणि माझ्याबरोबरच्या, इंग्रजीतून शिकणाऱ्या बायकांपेक्षा बोलायला लवकर लागले.

मराठी वाक्य जागचं हलवायचं नाही, फक्त शब्द बदलायचे. "मी उद्या मित्राबरोबर पुण्याला जातो": वाताशि वा, आशिता, तोमोदाचि तो, पुणे नि, इकिमासु. क्रम तोच. आपले ला, ने, चा, हून जसे शब्दाच्या मागे लागतात तसेच त्यांचे नि, दे, नो, कारा. इंग्रजीतून गेलात की हे सगळं उलटं करून परत सुलटं करावं लागतं.

खरी गंमत "ऊन" मध्ये आहे. आपण म्हणतो खाऊन बघ; ते म्हणतात ताबेते मिते. मिरु म्हणजे बघणे. विकत आणून ठेव: कात्ते ओइते. ओकु म्हणजे ठेवणे. खाऊन टाकलं: ताबेते शिमात्ता. घरातून निघताना आपण "जाऊन येतो" म्हणतो, ते "इत्ते किमासु" म्हणतात, आणि घरातला माणूस "इत्ते इराश्शाइ" म्हणतो, म्हणजे जाऊन या. इंग्रजी पुस्तकात यातल्या प्रत्येकाला वेगळा धडा आणि अर्धा पान नियम. माझ्या सासूबाईंना मी हे फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, यात शिकण्यासारखं काय आहे?

सुरुवातीला देवनागरीतून लिहायलाही लाजू नका. रोमनपेक्षा ती कितीतरी बरी. ओबासान म्हणजे काकू आणि ओबाऽसान म्हणजे आजी. मध्ये अवग्रह टाकला की झालं. किते म्हणजे ये, कित्ते म्हणजे पोस्टाचं तिकीट. जोडाक्षर आपल्याला शिकवावं लागत नाही. "त्सु" म्हणजे चमच्यातला च. अमेरिकन माणूस त्या एका अक्षरासाठी झगडत असतो.

काताकानाचा तक्ता मात्र पाठच करा. अ का सा ता ना हा मा या रा वा हा क्रम ओळखीचा वाटतो ना? आपल्याच वर्णमालेवरून गेलाय तो, संस्कृत शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंच्या मार्गाने. जपानी शब्दकोश त्याच क्रमाने लागतो.

पुणेरी_पगडी
वैनी, दंडवत. वाचनखूण साठवली.

तर्कट
वैनींशी बराचसा सहमत. पण ही पद्धत कुठे फसते तेही सांगायला हवं, नाहीतर माणूस हुरळून जातो.

एक: "वा" आणि "गा". "वा" म्हणजे कशाबद्दल बोलतोय ते, "गा" म्हणजे कर्ता. मराठीत असा फरक प्रत्ययाने दाखवत नाहीत. "मला मांजर आवडतं" हे "वाताशि वा नेको गा सुकि" होतं. इथे "ला" ला "नि" लावलंत की गेलात.

दोन: आपलं क्रियापदच सांगतं कोण गेलं. गेलो, गेली, गेले. जपानीत सगळ्यांना इकिमाशिता. वर ते कर्ताही गाळतात, त्यामुळे संदर्भ सुटला की कोण गेलं याचा पत्ताच नाही.

तीन, आणि हे कंपनीत महागात पडतं: आदर. आपण बाहेरच्या माणसाला "आमचे साहेब येताहेत" असंच सांगणार. जपानीत ग्राहकापुढे स्वतःच्या साहेबाच्या नावाला आदराचं "सान" लावायचं नाही. तानाकासान कंपनीत; बाहेरच्यापुढे नुसते तानाका. मराठी मनाला हे जड जातं. इथे मराठी वाक्य कितीही जागच्या जागी ठेवलं तरी उपयोग नाही, ऐकून ऐकूनच ते अंगात मुरतं.

हामामात्सुची_वैनी
तर्कट, तिसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. पहिल्या दोनसाठी मी कोणाला थांबवणार नाही. "नि" चुकीचं लावलं तरी समोरच्याला मांजर आवडतं हे कळतं.

कानसेन
बससाठी माझ्याकडून. पुस्तक उघडूच नका, ऑडिओ घ्या.

पॉल पिम्स्लर नावाच्या भाषाशिक्षकाने १९६७ मध्ये उजळणीचं एक वेळापत्रक मांडलं. नवा शब्द ऐकला की ५ सेकंदांनी परत आठवायचा, मग २५ सेकंदांनी, २ मिनिटांनी, १० मिनिटांनी, तासाने, ५ तासांनी, दिवसाने, ५ दिवसांनी, असं करत थेट २ वर्षांपर्यंत. विसरायच्या बेतात असताना आठवायला लावलं की पक्कं बसतं, हे त्यामागचं म्हणणं. त्याच्या नावाचे अर्ध्या तासाचे ऑडिओ धडे मिळतात. निवेदक विचारतो, तुम्ही मोठ्याने उत्तर द्यायचं, मग बरोबर उत्तर ऐकू येतं. लिहायचं काही नाही. चांगले आहेत, पण निवेदक इंग्रजीत विचारतो. म्हणजे तुमचं दुखणं तिथेही आहेच.

म्हणून मी घरचा कारखाना काढला. फोनच्या रेकॉर्डरवर आधी मराठी वाक्य माझ्या आवाजात, मग चारपाच सेकंद शांतता, मग तेच जपानीत, ओळखीच्या जपानी माणसाच्या आवाजात. तुमच्याकडे तर इंजिनिअरच येतात. जेवणाच्या सुट्टीत दहा वाक्यं बोलून द्या म्हटलं तर कोणी नाही म्हणणार नाही. "बेअरिंग गेलंय", "तेल गळतंय", "हा आवाज कालपासून येतोय" अशी तुमची वाक्यं जगातल्या कुठल्याही पुस्तकात मिळणार नाहीत.

दुसरं शॅडोइंग. कानात जपानी चालू ठेवायचं आणि जेमतेम अर्धा सेकंद मागे राहून तेच पुटपुटत जायचं. थांबवायचं नाही, चुकलं तर सोडून द्यायचं. दुभाष्यांच्या तयारीत हे करून घेतात. सुरुवातीला शब्द धरू नका, नुसती चाल धरा. हाशि वरून खाली आणलं तर चॉपस्टिक, खालून वर नेलं तर पूल. टोकियोकडची ही उच्चनीचता वाचून येत नाही. बसमध्ये लोक बघतात. मास्क लावा.

बँकॉक_रिटर्न
एकदम दुसऱ्या टोकाची पद्धत सांगतो. बँकॉकला एयूए नावाच्या संस्थेत मार्व्हिन ब्राउन या भाषातज्ज्ञाने १९८४ पासून थाई शिकवण्याचा वेगळाच प्रकार चालवला होता. वर्गात दोन शिक्षक समोर उभे राहून थाईमध्ये गप्पा मारतात, नकला करतात, चित्रं काढतात, भांडतात. विद्यार्थ्यांनी फक्त बघायचं आणि ऐकायचं. बोलायचं नाही. शेकडो तास! वह्या नाहीत, व्याकरण नाही, "याचा अर्थ काय" विचारायचं नाही. घाईघाईने बोलायला लागलं की आपल्या भाषेचे उच्चार आणि रचना कायमच्या चिकटतात, असा त्यांचा सिद्धांत.

मी तिथे नोकरीत होतो तेव्हा हे ऐकून हसलो होतो. पण त्या पद्धतीने शिकलेल्या एका गोऱ्या सहकाऱ्याचं थाई ऐकलं आणि हसू थांबलं. टॅक्सीवाल्याशी फोनवर बोलला तर पलीकडच्याला कळत नसे की हा परदेशी आहे.

जपानीत असं ऐकण्याचं साहित्य यूट्यूबवर आता भरपूर आहे. अगदी नवख्यांसाठी फळ्यावर चित्रं काढत हळू सांगितलेल्या गोष्टी शोधा.

तर्कट
बँकॉक, पद्धत सुंदर आहे, पण धागाकर्त्याच्या समोर तेल गळतंय. शेकडो तास तोंड बंद ठेवून तो मेंटेनन्स कसा करणार? ही चैन ज्याला घाई नाही त्याची. आणि त्या सहकाऱ्याकडे बँकॉक होतं, वर्गातून बाहेर पडला की चारी बाजूंनी थाई. राजगुरुनगरला काय आहे?

बँकॉक_रिटर्न
मान्य. पण "आधी कान, मग तोंड" एवढं तरी घ्या. तोंड पूर्ण बंद ठेवा असं मीही म्हणणार नाही.

सदाशिव_पेठी
सगळे पर्याय वाचले. आता थोडं थंड पाणी. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची स्वतःची भाषा प्रशिक्षण संस्था आहे. त्यांच्या अनुभवानुसार इंग्रजी भाषकाला कामकाजापुरती जपानी यायला २२०० तास वर्गात बसावं लागतं, म्हणजे ८८ आठवडे. फ्रेंच-स्पॅनिशच्या जवळजवळ तिप्पट किंवा त्याहून जास्त. तेही पगारी, पूर्ण वेळ, निवडून घेतलेले लोक. बसमध्ये पुटपुटून काय होणार?

हामामात्सुची_वैनी
तो आकडा इंग्रजी भाषकाचा आहे हो. मराठी माणसाने तो स्वतःला का लावून घ्यायचा? वाक्यरचनेत ते जिथे अडतात तिथून आपण चालत जातो. कांजीला, म्हणजे चिनी अक्षरांना, मात्र आपणही त्यांच्याच रांगेत, ते खरं.

पेडणेकर_ऑनलाइन
गोव्यातून. मोरजीला येऊन बघा. सीझनला रशियन पर्यटकांचा एवढा राबता की दुकानांच्या पाट्याही रशियनमध्ये असतात. शॅकवर काम करणारी पोरं, टॅक्सीवाले, फळं विकणाऱ्या मावश्या, भाव रशियनमध्ये करतात. कोणी क्लासचं तोंड बघितलेलं नाही. आकडे, "ताजा आहे", "उद्या या", "महाग नाही", एवढ्यापासून सुरू होतं आणि दोन सीझनमध्ये गिऱ्हाइकाच्या घरची चौकशी करण्यापर्यंत जातं.

मात्र त्यातल्या बहुतेकांना ती पाटी वाचता येत नाही. आणि पर्यटक गेले की पावसाळ्यात निम्मं विसरतात. तेव्हा धागाकर्त्याने इंजिनिअर परत गेल्यावर काय करायचं हे आधी ठरवावं.

निवृत्त_बाई
उशिराने लिहिते आहे. जपानी शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून चार गोष्टी.

आपल्याकडे परकी भाषा म्हणजे तर्खडकरी. नियम पाठ, मग या भाषेतून त्या भाषेत भाषांतर. त्याला कंटाळून जगभर शंभर-सव्वाशे वर्षं लोक दुसऱ्या वाटा शोधताहेत. बर्लिट्झने १८७८ मध्ये अमेरिकेत शाळा काढली आणि वर्गात विद्यार्थ्याच्या भाषेला बंदी घातली. मायकेल वेस्ट १९२० च्या दशकात ढाक्याला होते. बंगाली मुलांना इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचता येणं जास्त उपयोगाचं आहे म्हणून त्यांनी मोजक्या शब्दांतली वाचनपुस्तकं तयार केली. बल्गेरियाचे लोझानोव्ह आरामखुर्चीत बसवून, संगीत लावून शिकवत. गातेन्यो नावाचे गृहस्थ तर शिक्षकानेच गप्प बसावं म्हणत, टेबलावर रंगीत कांड्या मांडून. वर्गात मी ते करून पाहिलं. पोरं माझ्याकडे बघत बसली, मी पोरांकडे.

शिफ्टवाला, तुमच्या कामाची पद्धत मला वाटते ती जेम्स आशर यांची. शिकवणाऱ्याने हुकूम द्यायचा, शिकणाऱ्याने तो हातापायांनी पाळायचा. ऊठ, दार उघड, लाल डबा उचल, टेबलावर ठेव. बोलायची सक्ती नाही. कान आणि शरीर एकत्र कामाला लागतात. योगायोग असा की १९६५ च्या सुमाराचा त्यांचा प्रयोग जपानीवरच होता.

तुम्हाला यासाठी वर्ग नको, शॉप फ्लोअर पुरे. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके हा जागा नीटनेटकी ठेवण्याचा, फाइव्ह-एसचा तक्ता तुमच्या भिंतीवर असणारच. गेम्बा (कामाची जागा), मुदा (वाया जाणं), कानबान (कामाचं सूचनाकार्ड), पोकायोके (चूक होऊच नये अशी सोय) हे शब्द तुम्ही रोज वापरता. शिवाय बोट दाखवून "योशी!" (ठीक आहे!) म्हणायची पद्धत असेल, जपानी रेल्वेतून आलेली ती. तिथे नुसतं "योशी" म्हणून सोडू नका, ज्याकडे बोट दाखवता त्याचं नाव जपानीत घ्या. स्विच योशी. आबुरा योशी. आबुरा म्हणजे तेल.

आणि राजिओ ताइसो करा. रेडिओवरची कवायत, जपानमध्ये १९२८ पासून चालू आहे. पियानो वाजतो, निवेदक सूचना देतो, सगळा देश हात वर करतो. जेमतेम तीन मिनिटं. अनेक कंपन्यांत शिफ्ट सुरू होताना असते, कदाचित तुमच्याकडेही असेल. तिची पहिली सूचना ऐका: "उदे ओ माए कारा उए नि आगेते". आता एकेक शब्द लावा. हात, पुढून, वर, उचलून. वैनी म्हणतात तेच, इथे फक्त ते तुम्ही हाताने करता. महिनाभर रोज कवायत केलीत की उजवं, डावं, पुढे, मागे, वाकवा, फिरवा, सोडा हे सगळं न पाठ करता येईल. मशीनपाशी तुम्हाला याच शब्दांची गरज आहे.

वाचनासाठी "तादोकु" शोधा. जपानमधल्या एका ना-नफा संस्थेने पायरीपायरीने अवघड होत जाणारी छोटी पुस्तकं संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत. नियम चार: अगदी सोप्यापासून सुरू करा, शब्दकोश बघू नका, नाही कळलं ते सोडून पुढे जा, पुस्तक जमेना तर दुसरं उचला. आपल्याकडच्या हुशार विद्यार्थ्यांना यातला शब्दकोशाचा नियम फार छळतो.

कांजीमारू
बाई, कांजीबद्दल मी थोडं लिहू का? शाळेत शिकवायची २१३६ ठरलेली आहेत. शंभर वेळा गिरवून ती होत नाहीत. कांजीची पुस्तकं लिहिणाऱ्या हाइसिग यांची युक्ती अशी की अक्षराचे तुकडे पाडायचे आणि गोष्ट रचायची. माणूस अधिक झाड: झाडाला टेकलेला माणूस, म्हणजे विसावा. तीन झाडं म्हणजे अरण्य. छपराखाली बाई म्हणजे शांतता (माझी बायको या गोष्टीला हसली, मी कारण विचारलं नाही). त्यांचे खूणशब्द इंग्रजी आहेत. मी ते सगळे मराठी करून घेतले आणि वेग एकदम वाढला. दोष एवढाच की त्यांच्या पहिल्या भागात उच्चार शिकवतच नाहीत. म्हणून सुटं अक्षर न घेता तुमच्या मशीनवरच्या पाट्यांचे शब्द घ्या. धोका, बंद, चालू, दाब, तापमान.

पत्तेबाज
त्या पाट्यांचे फोटो काढून अंकी या उजळणीच्या अ‍ॅपमध्ये पत्ते करून टाका. अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर फुकट, आयफोनवर पैसे पडतात. वर कानसेनने सांगितलेलं वाढत्या अंतराचं गणित ते आपोआप करतं. दुसऱ्यांनी बनवलेले हजारो पत्त्यांचे गठ्ठे उतरवू नका. आठवडाभर उत्साह टिकतो आणि मग तुंबलेले पत्ते बघून अ‍ॅप उघडायची भीती वाटते.

सदाशिव_पेठी
थंड पाणी ओतलं तरी एक उपयोगाचं सांगून जातो. जेएलपीटी, म्हणजे जपानीची परीक्षा, जुलै आणि डिसेंबरात, पुण्यात केंद्र आहे. सगळ्यात सोप्या एन-५ पातळीला १८० पैकी ८० पुरतात, पण श्रवणाच्या ६० पैकी किमान १९ स्वतंत्र लागतात. बोलायची परीक्षाच नाही. म्हणून एन-३ पास झालेली आणि फोन आला की गप्प बसणारी मंडळी आपल्या आसपास आहेत. आणि उलट, वैनींसारख्या घडाघडा बोलणाऱ्या, पण परीक्षा न दिलेल्या, त्यांना एचआर विचारत नाही. पगारवाढ हवी असेल तर कागद लागेलच.

हामामात्सुची_वैनी
पेठी भावजी, माझ्याकडे एन-२ आहे. इथे नगरपालिकेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत निवृत्त आजी-आजोबा नाममात्र पैशांत शिकवतात, त्यांनी करून घेतली. तुमचं चालू द्या.

सदाशिव_पेठी
शब्द मागे. वाकून नमस्कार, तोही जपानी मापाने.

शिफ्टवाला
सगळ्यांचे आभार. लगेच सुरुवात केली. आमच्याकडे कवायत होते, पण स्पीकरवर नुसती गाणी लावतात. सेफ्टीच्या साहेबांना सांगून मूळ जपानी आवाज लावून घेतला. पहिल्या दिवशी पोरं हसली, आता "आगेते" आल्यावर ओरडतात. मराठी-शांतता-जपानी अशा वाक्यांची एक फाइल झाली. आवाज द्यायला इंजिनिअर नाही मिळाले, दुभाषी ताई मिळाल्या, बसमध्येच.

काल लाइन बंद पडली तेव्हा व्हिडिओ कॉलवर मी असं म्हणालो: "किकाइ ओ तोमात्ता. मिते किमासु." म्हणजे मशीन थांबलं, बघून येतो. समोरचे जरा दचकले, मग हसले. बाई, काय चुकलं?

निवृत्त_बाई
दुसरं वाक्य झकास, तिथे वैनींची "ऊन"ची पद्धत कामी आली. पहिल्यात "ओ" नको, तो कर्माला लागतो. तोमात्ता म्हणजे थांबलं, आपलं आपण. त्याला "गा" लावा: किकाइ गा तोमात्ता. "ओ" लावायचा तर क्रियापद बदलतं: किकाइ ओ तोमेता, म्हणजे मी थांबवलं. मराठीतही थांबणे वेगळं आणि थांबवणे वेगळं, तसंच हे. अशा जोड्या जपानीत खूप आहेत, आकु म्हणजे आपोआप उघडणे आणि आकेरु म्हणजे कोणीतरी उघडणे, आपलं एकच "उघडणे" दोन्हीकडे चालतं, त्यांचं चालत नाही. मशीनच्या दहा जोड्या काढा आणि "गा", "ओ" सकट रेकॉर्ड करा. ब्रेकडाउन रिपोर्टमध्ये या एका अक्षराने कोणाची मान अडकते ते ठरतं.

शिफ्टवाला
बाई, मग हे आजच करतो. थांबलंच होतं ते. मी हातसुद्धा लावला नव्हता.